किड्यानं ओळखलेलं नाव

महापे एमआयडीसीतल्या बहुतेक ऑफिसांत एक तरी कॅक्टस असतोच. रिसेप्शनच्या काउंटरवर, एचआरच्या टेबलावर, नाहीतर खिडकीत जुन्या कॉफी मगमध्ये लावलेला. नर्सरीत शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, पाणी घालायचं राहिलं तरी तग धरतो. माझ्याही टेबलावर एक आहे. त्याच्या कुंडीवर स्टिकर होतं, ‘लकी प्लांट’. कुठली जात, कुठून आली, यातलं काहीच नाही.

नावात काय आहे, असं आपण सहज म्हणतो. पण याच कुळातल्या झाडांवर जगणाऱ्या एका किड्याची ओळख चुकल्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीचा एक मोठा बेत फसला होता. पुढे शंभरेक वर्षांनी नावांचा गुंता सुटला, तेव्हा आपल्या दख्खनमधला माळच्या माळ मोकळा झाला. हा इतिहास वाळलेल्या पानांचा, लाल रंगाचा आणि दोन किड्यांचा आहे.

उसनी नावं

कॅक्टसचं कूळ, म्हणजे कॅक्टेसी, अस्सल अमेरिकेचं. कॅनडापासून पाटागोनियापर्यंत त्याच्या दीड हजाराहून जास्त जाती वाढतात. अमेरिकेबाहेर आपणहून पोचलेली जात एकच, रिप्सॅलिस बॅक्सिफेरा. ती आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेत झाडांवर लोंबताना सापडते. बाकी जगात जिथे कॅक्टस दिसतो, तिथे तो माणसानं नेलेला आहे. मिरची, काजू, पेरू आणि अननसासारखाच तोही आपल्याकडे समुद्र ओलांडून आला.

तरी तो आपल्याला परका वाटत नाही, याचं कारण भाषेत आहे. मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांना चालतो. त्रिधारी निवडुंग हा इथलाच. तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. त्याचा तुकडा मोडला की पांढरा चीक येतो. अमेरिकेहून चपट्या, काटेरी पानांचं नवं झाड आलं, तेव्हा लोकांना ते नागाच्या फड्यासारखं दिसलं. त्याचं नाव पडलं ‘फड्या निवडुंग’. नवख्याला जुन्या घराण्याचं आडनाव मिळालं आणि तो गावचाच झाला. दोघांतला फरक कळायला सोपा आहे. फड्या निवडुंगाला पांढरा चीक येत नाही, आणि त्याचे काटे लोकरीच्या छोट्या गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्यानं निघतात. ही गादी कॅक्टस कुळाची खूण आहे.

दुसरं उसनं नाव तुमच्या फोनमध्येच असेल. पावसाळ्यात एखाद्या रात्री फॅमिली ग्रुपवर फोटोंचा पूर येतो: आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललं! माझी आई त्या रात्री फुलापुढे निरांजन लावते, शेजारच्या काकूंना बोलावते आणि साडेअकराला मला झोपेतून उठवते. हे फूल एपिफायलम ऑक्सिपेटलम या कॅक्टसचं आहे. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असू दे गं, फुललंय तर आपल्याच घरात ना?” यावर मला उत्तर सुचलं नाही.

तिसरं नाव अगदी ताजं आहे. ड्रॅगन फ्रूट हेही कॅक्टसचंच फळ. जानेवारी २०२१मध्ये गुजरात सरकारनं त्याला ‘कमलम’ म्हणायचं जाहीर केलं. आज सांगली-सोलापूरकडच्या कमी पावसाच्या भागात सिमेंटच्या खांबांवर त्याच्या बागा दिसतात.

अशी उसनी नावं प्रेमानं दिलेली असतात. त्यांत गैर काही नाही. पण कोणतं झाड कुठलं, कधी आलं, त्याच्यावर कोण जगतं, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी वही लागते. तिचं नाव हर्बेरियम.

वाळायला तयार नसलेलं झाड

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. फूल-पानांसकट फांदी कापायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायची, कागद बदलत वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. कोपऱ्यात लेबल: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. मुंबईत धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये असा संग्रह आहे. तो १९०६ साली एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट पाद्र्यानं सुरू केला; त्याला ब्लॅटर हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा.

अशा कागदाचं मोल उशिरा कळतं. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि लाखो माणसं उपासमारीनं मेली. त्या रोगाचा नेमका वाण २०१३ साली ओळखता आला. तेव्हा कुणीतरी बटाट्याची रोगट पानं दाबून ठेवली होती, आणि त्या पानांत रोगाचा डीएनए टिकून होता. पानं दाबणाऱ्यांना डीएनए हा शब्दही ठाऊक नव्हता.

पण कॅक्टस दाबून वाळवणं म्हणजे डोकेदुखी. त्याचं सगळं शरीर पाणी साठवायला घडलेलं. आपण ज्याला पान म्हणतो तो खरं तर खोडाचा चपटा तुकडा, आणि तो दाबाखालीही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. कधीकधी कागदाच्या घडीत त्याला कोंबही फुटतात. म्हणून तो सुरीनं उभा चिरतात, आतला गर खरवडतात, साल तेवढी ठेवतात, फूल मधोमध कापून पसरतात. एवढं करूनही फुलाचा रंग उडतो, तो लेबलवर लिहून ठेवावा लागतो. बोटांत रुतलेली बारीक कुसळं दोन दिवस निघत नाहीत ती वेगळीच. जंगलात शंभर नमुने गोळा करायचे असताना या झाडापाशी कोण थांबणार? त्यामुळे जगभरच्या हर्बेरियमांत कॅक्टसचे नमुने त्याच्या पसाऱ्याच्या मानानं कमी आहेत.

याचा परिणाम नावांवर झाला. वनस्पतीच्या शास्त्रीय नावाला एक पुरावा लागतो. शक्यतो वाळवलेला नमुना. कॅक्टसच्या कित्येक जुन्या नावांचा पुरावा म्हणजे नुसतं चित्र. लंडनजवळ एल्थम इथे जेम्स शेरार्डची बाग होती. तिथल्या झाडांची चित्रं योहान डिलेनियसनं १७३२ साली ग्रंथरूपानं छापली. त्यातल्या एका चित्रावर आधारून फिलिप मिलरनं १७६८मध्ये एका जातीला ओपंशिया इलेटिअर हे नाव दिलं. इलेटिअर म्हणजे जास्त उंच. आपल्या दख्खनच्या माळावर पसरलेला फड्या निवडुंग मुख्यतः हाच. अमेरिकेचं झाड, इंग्लंडच्या बागेतलं चित्र, लॅटिन नाव आणि नगर-सोलापूरकडचा माळ! मधला दुवा म्हणून एखादा वाळलेला तुकडा असता तर गोंधळ कमी झाला असता. तो नव्हता, आणि गोंधळ झाला.

लाल रंगाचा बेत

गोंधळ सुरू झाला तो रंगाच्या लोभापायी. मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा पाळत. त्याची मादी वाळवून कुटली की गडद किरमिजी रंग मिळतो. एक पौंड रंगद्रव्याला सुमारे ७०,००० किडे लागत. स्पेननं हा व्यापार दोन-अडीचशे वर्षं आपल्या मुठीत ठेवला. अमेरिकेतून येणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याचं मोल होतं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लाल कोटांनाही हाच रंग लागे. (लिपस्टिकच्या किंवा गोळ्या-चॉकलेटच्या वेष्टनावर ई-१२० असं दिसलं, तर तो अजूनही याच किड्याचा रंग.)

ईस्ट इंडिया कंपनीला हा किडा भारतात पाळायचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला डॉ. जेम्स अँडरसननं निवडुंगाची खास बागच उभी केली. ठिकठिकाणांहून झाडं मागवली. झाडं आली, किडा मात्र मिळेना.

१७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्यानं ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला किडे मिळवले आणि ते जिवंत कलकत्त्याला पोचवले. तिथल्या वनस्पती उद्यानात ते वेगवेगळ्या निवडुंगांवर सोडले. काही झाडांना त्यांनी तोंडही लावलं नाही. एका जातीवर मात्र ते तुटून पडले आणि भराभर वाढले. कंपनीला वाटलं, काम झालं.

झालं नव्हतं. मेक्सिकोतला कोचिनील म्हणजे डॅक्टिलोपियस कोकस. रिओहून आला होता त्याचा रानटी भाऊबंद. त्याचा रंग हलक्या प्रतीचा निघाला. या भाऊबंदाला आज डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. हे नाव १८९६ साली सिलोनमधल्या किड्यांवरून पडलं. म्हणजे किड्याच्या नावातही चुकीचा पत्ता आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा.

रंग हाती लागला नाही, पण वेगळंच काहीतरी घडत गेलं. किड्यानं निवडलेला निवडुंग ओपंशिया मोनाकँथा जातीचा होता. उत्तर आणि मध्य भारतातून तो झपाट्यानं ओसरला. १८३६ ते १८३८ दरम्यान मुद्दाम निवडुंग मारण्यासाठीच हा किडा दक्षिणेत नेला गेला. तणाचा बंदोबस्त किड्याकडून करून घेण्याचं जगातलं हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक मानलं जातं.

दख्खनमधला आणि दक्षिणेतला इतर फड्या निवडुंग मात्र जिथल्या तिथे राहिला. कारण ओपंशिया मोनाकँथा ब्राझील आणि त्याच्या शेजारच्या देशांतला. किडाही ब्राझीलचा. त्यानं आपल्या गाववाल्याला बरोबर ओळखलं. इलेटिअर आणि डिलेनाय या जाती कॅरिबियन समुद्राच्या आजूबाजूच्या. त्या त्याच्या ओळखीच्याच नव्हत्या. माणसं या सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत होती. किड्याला प्रत्येकाचं गाव ठाऊक होतं.

कुंपण आणि कागद

निवडुंग इतका पसरला, कारण तो उपयोगी होता. शेताला कुंपण, गावकुसाला आडोसा, आणि दुष्काळात काटे भाजून गुरांना चारा. इंग्रजांनीही त्याला कामाला लावलं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून त्यांनी उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैलांची जकातरेषा आखली आणि तिच्यावर काटेरी कुंपण वाढवलं. बोर, बाभूळ आणि करवंदीबरोबर त्यात फड्या निवडुंगही होता. ही रेषा दक्षिणेला बुऱ्हाणपूरकडे, म्हणजे खानदेशाच्या वेशीपर्यंत येई. १८७९ साली ती मोडीत निघाली.

१८६७ ते १८७० या काळात जकातरेषेचा आयुक्त होता अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या पुस्तकात तो काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटतो. पण त्याचं शेवटचं आयुष्य वेगळ्याच कामात गेलं. इंग्लंडला परतल्यावर तो झाडांचे नमुने वाळवत बसला. १९१० साली त्यानं दक्षिण लंडनमध्ये वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली. तिचं हर्बेरियम आजही आहे. आयुष्याच्या एका टोकाला काट्यांचं कुंपण, दुसऱ्या टोकाला वाळलेल्या पानांचे कागद.

जवळपास त्याच वेळी, १९११मध्ये, आयझॅक हेन्री बर्किल या वनस्पतितज्ज्ञानं भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता भारतात रानटी झालेल्या निवडुंगांच्या जाती नेमक्या कोणत्या, हे ठरवणं. वाचायला रुक्ष काम. नावांशी नावं जुळवायची, नको ती खोडायची. पण ते झाल्याशिवाय पुढचं पाऊल उचलता येत नव्हतं. कोणता किडा आणायचा हे ठरवायचं, तर आधी कोणतं झाड मारायचं आहे हे माहीत हवं.

१९२६

ऑस्ट्रेलियातही निवडुंगानं धुमाकूळ घातला होता. तिथे त्यांनी उत्तर अमेरिकेतला दुसरा कोचिनील किडा आणला होता, डॅक्टिलोपियस ओपंशिए. ऑस्ट्रेलियातून तो १९२४ साली श्रीलंकेत आला आणि तिथून १९२६मध्ये भारतात. या वेळी झाड आणि किडा यांची गाठ बरोबर पडली. इलेटिअर आणि डिलेनाय, दोघेही त्याच्या खाण्यातले निघाले. पुढच्या पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातली प्रचंड जमीन मोकळी झाली.

माझी आजी पारनेर तालुक्यातली. हे तिनं पाहिलेलं नाही. तिच्या वडिलांनी पाहिलेलं ती सांगायची. गावाबाहेर निवडुंग इतका दाट होता की आत शिरलेलं करडू बाहेर येत नसे. मग एका वर्षी पानांवर कापसासारखं पांढरं काही दिसू लागलं. पोरांनी ते काठीनं चिरडलं तर लाल पाणी निघालं. निवडुंगाला रक्त येतंय म्हणून बायका घाबरल्या, कुणी नारळ फोडला. दोन पावसाळ्यांत निवडुंग सडून खाली बसला. “किडा आला नि निवडुंग गेला,” एवढंच आजीचं तात्पर्य. पांढरा कापूस हे त्या किड्याचं मेणचट आवरण आणि लाल पाणी म्हणजे तोच रंग, ज्याच्यासाठी कंपनीनं जीव टाकला होता. गावात कुणाला त्याचा भाव माहीत नव्हता.

आता पुन्हा

ही गोष्ट १९३०च्या आसपास संपली असती तर मी ती लिहिली नसती. २०२२ साली केंद्र सरकारच्या भूमी संसाधन विभागानं पडीक जमिनीवर काटे नसलेला निवडुंग लावण्याचा विषय हाती घेतला. चारा मिळेल, बायोगॅस मिळेल, कोरडवाहू शेतकऱ्याला चार पैसे मिळतील. कल्पना वाईट नाही. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत गुरं यावर जगतात. हा निवडुंग ओपंशिया फायकस-इंडिका. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या घराण्याला आपण किडा लावून हुसकावलं, त्याच घराण्याला आता बोलावणं चाललं आहे.

तो किडा मात्र गेलेला नाही. मोरोक्कोत २०१४ साली डॅक्टिलोपियस ओपंशिए पोचला आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली फायकस-इंडिकाची कुंपणं आणि बागा त्यानं फस्त केल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांना तर दिसलं की या एकाच जातीच्या किड्याचे दोन वाण आहेत. एक फायकस-इंडिकावर पोसतो, दुसरा स्ट्रिक्टावर, आणि दुसऱ्याच्या झाडावर कुणाचंच नीट भागत नाही. पुन्हा तेच. आपण एक नाव म्हणतो, किडा दोन ओळखतो.

मग निवडुंग लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यानं विचारायचा प्रश्न साधा आहे: माझ्या तालुक्यात किड्याचा कोणता वाण आहे? उत्तर द्यायला माळावर उरलेल्या जुन्या निवडुंगाचा तुकडा हवा, किड्यासकट, ठिकाण आणि तारीख लिहून. फोनमधला फोटो मदत करतो, मीही काढते. पण फोटोतून डीएनए निघत नाही, आणि फोटोतल्या काट्याचं मूळ भिंगाखाली बघता येत नाही. उद्या कुणी म्हणालं की ही जात एक नसून दोन आहेत, तर फोटोला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही, कागदावरच्या तुकड्याला येतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०२२पासून आपले नमुने ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ या नावानं ऑनलाइन बघायला ठेवले आहेत. लोकलमध्ये उभं राहून ते बघता येतात. लेबलांवरची हस्ताक्षरं वाचायला मला झाडांइतकंच आवडतं.

बाहेरून आलेल्या झाडांच्या बाबतीत लेबलवरचा एक शब्द फार महत्त्वाचा असतो: लावलेलं की आपणहून उगवलेलं. कुंडीतल्या झाडाचा नमुना करायला सहसा कुणी जात नाही. ते रानात पसरलं की मग धावपळ होते. मधला टप्पा, म्हणजे कुंडीतून कुंपणाबाहेर पडण्याचा, नोंदीशिवाय निसटतो. आणि महापेसारख्या ठिकाणी तोच टप्पा रोज घडतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकची डोंगररांग, मधे कारखाने, काचेच्या इमारती आणि प्रत्येक इमारतीत कुंड्या. कंपनी जागा सोडते तेव्हा खुर्च्या विकल्या जातात, कुंड्या मागच्या भिंतीवरून फेकल्या जातात.

आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडबाहेर, डेब्रिजच्या ढिगावर असाच एक फड्या निवडुंग रुजला आहे. उंची माझ्या गुडघ्याएवढी. गेल्या पंधरवड्यापासून त्याचे दोन तुकडे चिरून मी वर्तमानपत्रात दाबले आहेत. रोज घरी गेल्यावर कागद बदलते. एक तुकडा अजून हिरवा आहे. लेबल लिहून झालं: महापे, नवी मुंबई, जिल्हा ठाणे, डेब्रिजवर, कुणी न लावलेला, काटे पिवळट, फूल नाही, पांढरा किडा नाही. नाव मात्र पेन्सिलीनं लिहिलं आहे. हर्बेरियमची एक चांगली रीत अशी की नाव चुकलं तरी जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी लावतात. म्हणून कागदाची उजवी बाजू मी रिकामी ठेवली आहे.